'सजेस्ट'चा स्वभाव



परवा माझ्या वर्गातली एक मुलगी गाल फुगवून बसली होती. "काय गं, काय झालं?" विचारलं, तर म्हणाली, "बाई, मी आता इंग्रजीत पत्र लिहिणारच नाही!" तिनं मामेभावाला लिहिलं होतं, 'प्लीज सजेस्ट मी अ गुड बुक.' त्यानं त्या वाक्याखाली लाल रेघ मारली आणि सगळ्यांना दाखवून हसला.

खरं सांगू? मीसुद्धा कित्येक वर्षं असंच लिहीत होते. आपण मराठीत म्हणतो, 'मला एक पुस्तक सुचवा.' त्यातलं 'मला' उचलून आपण इंग्रजीत ठेवतो. शिवाय 'गिव्ह मी अ बुक', 'शो मी अ बुक' ही वाक्यं बरोबरच असतात. मग 'सजेस्ट मी' का नको?

तर क्रियापदांनाही स्वभाव असतो बरं का! 'गिव्ह' आणि 'शो' यांना माणूस लगेच शेजारी चालतो. 'सजेस्ट'ला मात्र आधी हवं, काय सुचवायचं ते. माणूस मागून येणार, तोही 'टू'चं बोट धरून: 'प्लीज सजेस्ट अ गुड बुक टू मी.' शेवटचं 'टू मी' गाळलं तरी बिघडत नाही.

दुसरी चूक अशी: 'द डॉक्टर सजेस्टेड बाबा टू टेक रेस्ट.' इथं 'टू टेक' चालत नाही. लिहायचं, 'द डॉक्टर सजेस्टेड दॅट बाबा टेक रेस्ट.' 'सजेस्टेड' भूतकाळी असलं, तरी पुढचं 'टेक' तसंच राहतं. त्याचं 'टुक' किंवा 'टेक्स' करायचं नाही. अवघड वाटलं तर 'शुड टेक' लिहा, तेही बरोबर. आणि 'टू' हवाच असेल, तर 'ॲडव्हाइज'ला बोलवा: 'द डॉक्टर ॲडव्हाइज्ड बाबा टू टेक रेस्ट.' त्याला माणूस शेजारी चालतो.

आता एक वाक्य तुमच्यासाठी: 'मी छत्री न्यावी, असं ताईनं सुचवलं.' वहीत इंग्रजीत लिहा आणि आईबाबांना दाखवा.

आणि आईबाबांनो, चुकलं तर हसू नका हं. रेघ जरूर मारा, पण शेजारी बरोबर वाक्यही लिहून द्या. त्या मुलीनं काल दुसरं पत्र लिहिलं. वाक्य अगदी बरोबर होतं. पण मला जास्त आनंद झाला तो तिनं पुन्हा लिहायला घेतलं याचा!