पगारातले दोनशे रुपये

आमचे चिरंजीव नोकरीला लागले आणि पहिल्या पगाराची पावती घेऊन माझ्यापुढे उभे राहिले. चेहऱ्यावर आनंद कमी आणि संशय जास्त.

“बाबा, हा दोनशे रुपये व्यवसाय कर कसला? मी व्यवसाय कुठे करतो? मी तर नोकरी करतो!”

सौभाग्यवती स्वयंपाकघरातूनच म्हणाल्या, “त्यांनाच विचार. साऱ्या हयातीत लोकांचे पैसे कापायचेच काम केलंय त्यांनी!”

आरोप खरा होता. मी एका खासगी कंपनीत हिशेब खात्यात होतो. दर महिन्याला प्रत्येकाच्या पगारातून दोनशे रुपये आणि फेब्रुवारीत तीनशे, असे वर्षाचे अडीच हजार कापून सरकारी खजिन्यात भरायचे, हे माझे काम. परंतु हा पैसा कशासाठी, हे मला एकाही सहकाऱ्याने कधी विचारले नाही आणि मीही कुणाला सांगितले नाही. ते सांगण्याची पाळी निवृत्तीनंतर आली, तीही स्वतःच्या मुलाला.

आमच्या पिढीला ‘बहात्तरचा दुष्काळ’ एवढे शब्द पुरतात. अमेरिकेतून आलेली मिलो, शाळेत मिळणारी सुकडी, आणि रस्त्याच्या कडेला खडी फोडत बसलेली माणसांची रांग. १९७३ च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रात दुष्काळी कामांवर सुमारे पन्नास लाख माणसे होती. त्याच सुमारास विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी मांडलेल्या विचाराला रूप आले. विचार साधा होता. दुष्काळ पडल्यावर दया म्हणून काम देण्यापेक्षा, जो काम मागेल त्याला ते हक्काने का मिळू नये? वसंतराव नाईक तेव्हा मुख्यमंत्री होते. रोजगार हमी योजना सुरू झाली, १९७७ साली तिचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला.

पैसा कुठून आणायचा? त्यासाठी १९७५ साली हा व्यवसाय कर बसवण्यात आला. शहरातल्या पगारदाराने थोडे द्यायचे, तेवढीच भर सरकारने घालायची, आणि त्यातून खेड्यातल्या माणसाला काम द्यायचे. पुढे २००५ साली साऱ्या देशासाठी असा कायदा झाला, त्याला महाराष्ट्राचा हा अनुभवच उपयोगी पडला. देशाच्या कायद्याने प्रत्येक ग्रामीण कुटुंबाला वर्षाला शंभर दिवसांची हमी दिली आणि त्यावरच्या दिवसांची जबाबदारी महाराष्ट्राने आपल्या जुन्या कायद्याने पेलली.

हे सारे मी चिरंजीवांना मोठ्या अभिमानाने सांगितले. ते म्हणाले, “मग चालतं का ते नीट?”

या प्रश्नाचे उत्तर पुण्यात बसून देता येणार नव्हते.

माझी धाकटी बहीण बीड जिल्ह्यात पाटोद्याकडे दिली आहे. २०२४ च्या मे महिन्यात मी तिच्याकडे गेलो होतो. त्या वर्षी मराठवाड्यात पाण्याची फार ओढ होती. गावाजवळच नाल्याचा गाळ काढण्याचे काम हमी योजनेतून चालले होते. बहिणीच्या शेजारची एक बाई त्या कामावर जाई. नवराबायको आणि आठवीतून नववीत गेलेली एक मुलगी, असे ते घर. दर वर्षी दसरा झाला की दोघे कोयता घेऊन साखर कारखान्याकडे ऊसतोडीला जात आणि मुलीची शाळा चार-पाच महिने बुडे. त्या वर्षी मात्र बाईने ठरवले होते, की गावातच राहायचे. हमीच्या कामाचे पैसे आले की बी-बियाणे घ्यायचे आणि पोरीला दहावीपर्यंत न्यायचे.

बाईने चोवीस दिवस काम केले होते. तेव्हा दर होता दिवसाला २९७ रुपये, म्हणजे हिशेबाने ७,१२८ रुपये व्हायला हवेत. प्रत्यक्षात हजेरी लागली होती अठराच दिवसांची.

“आणि सहा दिवस?” मी विचारले.

“फोटूच गेला नाही, दादा.”

“म्हणजे?”

“दिवसातून दोनदा मोबाइलवर फोटू काढत्यात. नाल्यात रेंज न्हाई. फोटू गेला न्हाई की आपण कामावर न्हाईच. घाम गेला, फोटू न्हाई गेला!”

एवढे बोलून ती हसली, पण मला हसू येईना. मी आयुष्यभर हजेरीपटावरून पगार काढले. खोट्या सह्या आणि कागदोपत्रीच कामावर असलेली माणसे मीही पाहिली आहेत. पूर्वी हमी योजनेच्या हजेरीपटावरही अशी भुते पुष्कळ असत, हे कबूल केले पाहिजे. १ जानेवारी २०२३ पासून फोटोची हजेरी सक्तीची झाली, ती भुते घालवण्यासाठीच. परंतु भूत घालवताना जिवंत माणूसच पटावरून पुसला जाऊ लागला, तर त्या मंत्राचे काय करायचे?

उरलेल्या अठरा दिवसांचे ५,३४६ रुपये तरी वेळेवर यावेत! कायद्याने मजुरी पंधरा दिवसांत द्यायची. उशीर झाला तर दर दिवशी शेकडा पाच पैसे भरपाई. म्हणजे या बाईला दिवसाला सुमारे दोन रुपये सदुसष्ट पैसे! अर्धा कप चहासुद्धा येत नाही. मृग आला, पेरणी आली, पैसे आले नाहीत. नवऱ्याने ऊसतोडीच्या मुकादमाकडून दहा हजार रुपये घेतले. वाचकहो, या पैशाला तिकडे ‘उचल’ म्हणतात. उचल थोडी असो की फार, ती घेतली की कोयता बांधला गेला.

मजुरीचे पैसे श्रावणात आले, पूर्णच्या पूर्ण. फक्त दोन महिने उशिरा. दसऱ्यानंतर दोघे नवराबायको ट्रॅक्टरमध्ये बसून निघून गेले.

हा हिशेब मी मेहुण्यांना दाखवला. ते शेतकरी आहेत. त्यांची बाजूही ऐकली पाहिजे. ते म्हणाले, “तुमची हमी चांगली, पण ऐन पेरणीत आणि काढणीत आम्हाला माणूस मिळत नाही, त्याचं काय?” तक्रार खोटी नाही. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने २००५ च्या कायद्याच्या जागी जो नवा कायदा संमत केला, त्यात या तक्रारीची दखल आहे. शंभराऐवजी सव्वाशे दिवसांची हमी. पण पेरणी-काढणीच्या हंगामात राज्याने मिळून साठ दिवसांपर्यंत कामे बंद ठेवायची. महाराष्ट्रासारख्या राज्यांनी खर्चाचा चाळीस टक्के वाटा उचलायचा, आणि केंद्राने ठरवून दिलेल्या रकमेवरचा खर्चही राज्यानेच सोसायचा.

दिवस वाढले हे चांगलेच. पण पाटोद्याकडे खरिपाची काढणी आणि मुकादमाचा ट्रॅक्टर एकाच सुमाराला येतात. तेव्हाच कामे बंद राहिली, तर त्या बाईपुढे ट्रॅक्टरखेरीज दुसरी वाट कोणती? म्हणून बंदीचे दिवस मुंबईत बसून न ठरवता, तालुक्यातालुक्याचे पीकपाणी आणि ऊसतोडीचे वेळापत्रक पाहून ठरवावेत. फोटो जावो न जावो, मजुराच्या हातात रोजच्या हजेरीची सहीची चिठ्ठी पडावी. काम मागितल्याची तारखेसह पोच मिळावी, कारण तारखेवाचून हमी म्हणजे नुसता शब्द. उशिराची भरपाई मजुराने मागायची नसावी. ती आपोआप जमा व्हावी, आणि उशीर करणाऱ्याला टोचेल एवढी असावी. आणि काम असे निवडावे, की जे मागे काही ठेवून जाईल. १९९० पासून याच योजनेतून महाराष्ट्रात फळबागा लागल्या, कोरडवाहू रानांत आंबा आणि डाळिंब उभे राहिले. गाळ दर वर्षी काढावा लागतो; झाड एकदा लावले की पुढची कित्येक वर्षे घराला धरून राहते.

सर्वांत मोठी गोष्ट पैशाची. राज्यावर बोजा वाढला की हात आखडतो, आणि मग काम ‘मागेल त्याला’ नव्हे, ‘उरेल तेवढे’ मिळते. तसे होऊ नये म्हणूनच तर पन्नास वर्षांपूर्वी आपल्या पगाराला कात्री लागली!

ती मुलगी? ती त्या दसऱ्याला ट्रॅक्टरमध्ये बसली नाही. माझ्या बहिणीने तिला आपल्या घरी ठेवून घेतले. “दादा, एक ताट जास्त, त्यात काय!” एवढेच ती म्हणाली. शाळा बुडाली नाही. पण हे माझ्या बहिणीचे मन झाले. हमी झाली नाही. शेजारी चांगला मिळेल, असा कायदा कुठे करता येतो?

पुण्यास परत आल्यावर चिरंजीवांना मी हे सारे सांगितले. ते बराच वेळ गप्प बसले. मग पावती हातात घेऊन म्हणाले, “बाबा, दोनशे रुपये म्हणजे त्यांचा एक दिवसही होत नाही की.”

“नाही होत,” मी म्हणालो. “म्हणून निदान ते वेळेवर पोचतात का, एवढं तरी विचारत जा.”

आता दर महिन्याला पगाराची पावती आली की आमच्या घरी त्या आकड्यावरून भांडण होत नाही. चिरंजीव एवढेच विचारतात, “आत्याचा फोन आला होता का? त्यांचे पैसे आले?”