छतावरचा पफ स्प्रे: धंदा करण्याआधी गिऱ्हाइकाच्या नजरेतून समजून घ्या



मागच्या बॅचमधल्या एका मुलाने परवा फोन केला. "ताई, आमच्याकडे उन्हाळ्यात घरं भट्टीसारखी तापतात. छतावर पफ स्प्रे मारून देण्याचा धंदा करतो. मशीनसाठी कर्जाचं बोलणं झालंय, फक्त सही बाकी आहे." मी म्हटलं, बाबा, सही करण्याआधी माझी गोष्ट ऐक. या धंद्यात मी गिऱ्हाईक म्हणून पोळलेली आहे.

माझं केकच्या सामानाचं दुकान. वर पत्र्याचं ६०० चौरस फुटांचं गोदाम. एप्रिल-मे आला की चॉकलेट कंपाउंडच्या लाद्या मऊ पडायच्या, वरून पांढरट व्हायच्या आणि गिऱ्हाईक परत आणून द्यायचं. म्हणून पत्र्यावर फोम मारायचं ठरवलं. तीन कोटेशन आली, मी सगळ्यात कमी दराचं घेतलं. पहिला उन्हाळा बरा गेला. दुसऱ्या वर्षी फोम पिवळा पडला, मग तपकिरी झाला, हात फिरवला की पूड निघायला लागली. एक्झॉस्टच्या पाइपसाठी भोक पाडलं तेव्हा दिसलं, तोंडी ५० मिलिमीटर सांगितलेला फोम जेमतेम ३० भरत होता.

भांडायला गेले, पण कोटेशनवर लिहिलं काय होतं? "पफ स्प्रे, दर चौरस फुटाला." बस्स! जाडी नाही, घनता नाही, वरच्या कोटिंगचा उल्लेख नाही. बीबीए केलेल्या बाईने असा कागद मान्य केला, याची लाज आजही वाटते. तुमच्या गिऱ्हाइकावर ही वेळ येऊ नये आणि तुमच्यावर असा आरोपही येऊ नये, म्हणून आज हा विषय मुळापासून बघूया.

हा फोम असतो तरी काय?

तुमच्या फ्रिजच्या भिंतीत आणि गीझरच्या टाकीभोवती जो पिवळसर कडक फोम असतो, तोच हा पॉलियुरेथेन फोम. छतावर तो जागेवरच तयार होतो. दोन ड्रम असतात. एकात आयसोसायनेट, दुसऱ्यात पॉलिऑल आणि त्यात मिसळलेली इतर रसायनं. मशीन दोन्ही गरम करून दाबाने, साधारणपणे सारख्या मापात, गनपर्यंत आणतं. गनमध्ये ती एकत्र येतात, फवारली जातात आणि काही सेकंदांत फुगून घट्ट होतात.

यात दोन प्रकार आहेत. ओपन सेल फोम मऊ आणि हलका असतो. त्यातून हवेतला दमटपणा आत-बाहेर जाऊ शकतो. क्लोज्ड सेल फोम कडक असतो. त्याच्या बारीक बंद कप्प्यांत वायू अडकलेला असतो, पाणी फारसं शिरत नाही आणि तेवढ्याच जाडीत तो उष्णता जास्त अडवतो. छताच्या बाहेरच्या बाजूला क्लोज्ड सेलच वापरायचा. गिऱ्हाइकाला "फोम" एवढंच सांगू नका, कोणता ते सांगा.

तो थंड करत नाही, उष्णता अडवतो

हे वाक्य वहीत लिहून ठेवा. चांगला ५० मिलिमीटरचा क्लोज्ड सेल फोम साधारण ३ मीटर जाडीच्या काँक्रीटइतकी उष्णता अडवतो. म्हणूनच त्याचा फरक लगेच जाणवतो. पण खोलीत पश्चिमेच्या खिडकीतून ऊन येत असेल, स्वयंपाकाची वाफ कोंडत असेल, तर ती उष्णता छतावरचा फोम कशी काढणार? उलट आत शिरलेली उष्णता वरून लवकर बाहेर पडत नाही, म्हणून रात्री खिडक्या उघडून वारा खेळवावा लागतो.

स्लॅबच्या घरात दिवसभर तापलेला स्लॅब रात्री आत उष्णता सोडतो. अशा वेळी फोम स्लॅबच्या वर टाकणं जास्त कामाचं, कारण मग स्लॅबच कमी तापतो. "एसी लागणारच नाही" असं वचन कधी देऊ नका. "वरून येणारी उष्णता बरीच कमी होईल" एवढंच बोला. ते खरं आहे आणि निभावता येतं.

चौरस फुटाचा दर कसा फसवतो?

माझ्याच गोदामाचा हिशोब करूया. ६०० चौरस फूट म्हणजे साधारण ५६ चौरस मीटर. ५० मिलिमीटर जाडी धरली तर फोम झाला २.८ घनमीटर. घनता घनमीटरला ४० किलो धरली तर माल लागतो ११२ किलो. जाडी ३० मिलिमीटर केली की माल लागतो फक्त ६७ किलो. म्हणजे ४५ किलो माल वाचला, दर मात्र तोच! घनता कमी केली तर आणखी वाचतो. वरून बघणाऱ्याला यातलं काहीच दिसत नाही.

म्हणून कोटेशनवर या गोष्टी हव्यातच:

१. फोमचा प्रकार, जाडी आणि घनता.
२. वरचं कोटिंग कोणतं, किती हात. उघडा फोम उन्हात टिकत नाही, माझा पिवळा पडला तो त्यामुळेच.
३. पत्र्याची सफाई, गंज काढणं आणि गळती दुरुस्ती कोणाकडे.
४. काम झाल्यावर जाडी मोजून दाखवणार. खुणा केलेली बारीक तार पाच-सहा ठिकाणी टोचा, गिऱ्हाइकासमोर मोजा, फोटो काढा आणि भोकं लगेच बुजवा. हे कोटिंगच्या आधी करायचं.

असं कोटेशन दिलं की तुमचा दर शेजारच्यापेक्षा जास्त दिसेल. दिसू द्या. "काका, त्यांच्याकडून जाडी आणि घनता लिहून आणा, मग दोन्ही कागद शेजारी ठेवून बोलू," एवढं म्हणायचं.

"नाही" कुठे म्हणायचं?

पत्रा गळतोय, गंजून भोकं पडलीत? आधी दुरुस्ती. फोमखाली गळती लपते, थांबत नाही. पाणी दुसरीकडून बाहेर येतं आणि शिव्या तुम्हाला पडतात.

कौलारू घरात कौलांच्या खालून फोम मारायला सांगतील. विचार करा. एक कौल फुटलं तर बदलणार कसं? वासे ओले झाले, वाळवी लागली तर दिसणार कसं? ब्रिटनमध्ये माळ्यावर असा फोम मारलेल्या घरांवर कर्ज द्यायला अनेक बँका कचरतात, त्यामागे हेच मोठं कारण आहे. लाकूड झाकलं जातं, तपासता येत नाही.

घराच्या आतून मारलेला फोम उघडा ठेवायचा नाही. हा फोम जळतो आणि त्याचा धूर विषारी असतो. अग्निरोधक रसायन घातलेलं असलं तरी आग फक्त हळू पसरते. म्हणून राहत्या खोलीत त्यावर जिप्सम बोर्डसारखं आवरण हवं. कोणी "याला आग लागतच नाही" म्हणालं की समजून जा.

आणि ज्याचं बजेट अगदीच कमी आहे, त्याला स्लॅबवर उष्णता परावर्तित करणारा पांढरा रंग सुचवा. त्या दिवशी कमाई कमी होईल, पण तो माणूस तुमचं नाव चार जणांना सांगेल.

जीव आधी, काम नंतर

आयसोसायनेटमुळे कायमचा दमा जडू शकतो. कापडी मास्क बांधून हे काम करायचं नाही. बाहेरून शुद्ध हवा पुरवणारा मास्क, पूर्ण अंगाचा सूट, हातमोजे, हे सगळं मशीनच्या खर्चातच धरा. घरातली माणसं त्या वेळी बाहेर. किती तासांनी परत यायचं ते माल बनवणाऱ्या कंपनीच्या सूचनेत असतं, बरेचदा २४ तास सांगतात. ओल्या पृष्ठभागावर फवारणी नको, फोम नीट धरत नाही. एका दमात फार जाड थरही नको, आत उष्णता साठून फोम करपतो.

मग धंदा करायचा की नाही?

करा, पण हप्त्याचं कॅलेंडर बघून. छतावरचं काम उन्हाळ्याच्या तोंडाला भरपूर आणि पावसाळ्यात जवळपास बंद. बँकेचा हप्ता मात्र जुलैतही येतो! म्हणून त्या मुलाला मी सांगितलं, पहिला हंगाम मशीन घेऊ नकोस. ज्याच्याकडे मशीन आहे त्याच्याकडून काम करून घे. मोजमाप, कोटेशन, देखरेख आणि जाडीची तपासणी तू कर. पाच छतं झाली, एक पावसाळा त्यांच्यावरून गेला आणि तक्रार आली नाही, की मग बँकेत जा.

तो जरा हिरमुसला. पण सही थांबवलीय आणि सध्या गावातल्या पत्र्याच्या घरांची यादी करतोय.

तुमचा होमवर्क: वरचे चार मुद्दे घेऊन एका पानाचं कोटेशन तयार करा आणि घरातल्या कोणाला तरी वाचायला द्या. त्यांना कळलं नाही, तर गिऱ्हाइकालाही कळणार नाही. भेटूया पुढच्या व्हिडिओत!