डिस्कची खातेवही आणि तिचा तपासनीस

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने संगणकाच्या पोटातील गोष्टी सांगाव्यात, याचे काहींना नवल वाटेल. परंतु डिस्कवरील फाइल-व्यवस्था म्हणजे मुळात हिशेबच होय. कोणता ठोकळा कोणत्या फाइलच्या नावे पडला आणि किती शिल्लक राहिले, याची ती खातेवही असते. लिनक्ससाठी १९९३ साली ‘एक्स्ट-टू’ ही पद्धत आली. २००१ साली ‘एक्स्ट-थ्री’ने तीत रोजकीर्दीची भर घातली, म्हणजे बदल आधी कीर्दीत नोंदवायचा आणि मग खतावणी करायची. २००८ साली ‘एक्स्ट-फोर’ स्थिरावली.

ही वही आखणाऱ्या व तपासणाऱ्या साधनांचा संच म्हणजे ‘ई-टू-एफएसप्रॉग्ज’. त्यातील ‘ई-टू-एफएससीके’ हा आपला तपासनीस. तो पाच फेऱ्यांत ताळा घेतो आणि ज्या फाइलचा मालक सापडत नाही, ती ‘लॉस्ट-फाउंड’मध्ये टाकतो. आपल्या भाषेत हे उचंत खातेच.

आमच्या दुकानाचे तीन वर्षांचे हिशेब असलेली डिस्क माझ्या एका कन्नड मित्राच्या नव्या संगणकावर तयार केलेली होती. मध्येच वीज गेली, आणि घरच्या जुन्या संगणकाने ती तपासण्यास साफ नकार दिला. कारण सरळ होते. फेब्रुवारी २०२३ मधील १.४७ या आवृत्तीपासून नव्या डिस्कवर ‘ऑर्फन फाइल’ ही सोय आपोआप येते. जुन्या तपासनिसाला ती ओळखता येत नाही आणि जे कळत नाही त्यावर तो सही करीत नाही. तेव्हा नवा तपासनीस मूळ सोर्स कोडवरून घडविणे हाच मार्ग उरला.

रीत अशी. प्रथम कर्नल संस्थेच्या अधिकृत स्थळावरून गठ्ठा आणून त्याची डिजिटल सही पडताळावी. तो उलगडून आत ‘बिल्ड’ नावाचा वेगळा कप्पा करावा, म्हणजे मूळ कागद स्वच्छ राहतात. त्या कप्प्यातून ‘कॉन्फिगर’ चालविले की कंपायलर वगैरे सामग्री आहे की नाही, ते पाहिले जाते. ‘मेक’ने कोडचे चालते प्रोग्राम होतात. ‘मेक चेक’ नकली डिस्कांवर त्यांची परीक्षा घेते. खऱ्या डिस्कला हात लागत नाही.

शेवटची पायरी ‘मेक इन्स्टॉल’. येथे मात्र सावध राहावे. ‘कॉन्फिगर’ला निराळी जागा सांगितली नसेल, तर लिनक्सवर नवी साधने जुन्यांच्या जागीच बसतात. मी इन्स्टॉल केलेच नाही. तयार झालेला तपासनीस ‘बिल्ड’मधूनच चालविला.

तत्पूर्वी डिस्कची पूर्ण प्रत काढली व डिस्क अनमाउंट केली, कारण व्यवहार चालू असताना वही तपासता येत नाही. पहिली तपासणी ‘एन’ पर्याय देऊन केली. त्यात दोष नुसते दिसतात, काही बदलत नाही. मग दुरुस्ती. तपासनीस शेवटी एक आकडा देतो : शून्य म्हणजे निर्दोष, एक म्हणजे दोष दुरुस्त झाले, चार म्हणजे काही दोष तसेच राहिले. आम्हाला एक मिळाला, आणि हिशेब जागच्या जागी सापडले. चार आला असता, तर पुढचे सर्व प्रयोग त्या प्रतीवरच करावे लागले असते.