मलय समाजाचे अध्ययन आणि मुळशीची ओवी

सिंगापूरच्या विद्यापीठात १९६७ पासून सुमारे दोन दशके मलय अध्ययन विभागाची धुरा वाहणाऱ्या सय्यद हुसेन अलातास यांनी, वसाहतीच्या अंमलदारांनी मलय रयतेवर मारलेला आळशीपणाचा शिक्का हा मळेवाल्यांच्या स्वार्थातून निपजला, असे १९७७ च्या आपल्या ग्रंथात साधार प्रतिपादिले. ज्या मुळशीत हेमा राईरकर व गी पॉइटवाँ यांनी कष्टकरी स्त्रियांच्या जात्यावरील ओव्या अत्यंत आस्थेने संकलित केल्या, तेथील विद्यार्थ्यांनी हा ग्रंथ अवश्य वाचावा. कारण अशा शिक्क्यांआड दडलेले, सरकारी दप्तरात न उमटलेले रयतेचे मनोगत या ओव्यांत आहे, आणि पहिल्या दोन चरणांत बहुधा निसर्गप्रतिमा योजून पुढील दोहोंत आशय उलगडणारा मलय पंतून मला तरी ओवीचा निकटचा आप्तच वाटतो.