झेंडू रात्र मोजतो

दोन वर्षांपूर्वी मी गच्चीवर उंच जातीच्या झेंडूच्या आठ कुंड्या लावल्या होत्या. बी एकाच पाकिटातले, माती एकाच ढिगातली, पेरणीही एकाच दिवशी, जुलैच्या पहिल्या आठवड्यात. दसऱ्याला पाच कुंड्या फुलांनी वाकल्या. उरलेल्या तीन मात्र कमरेच्याही वर गेल्या होत्या, हिरव्यागार, पण फूल एकही नाही. शोधल्यावर चार-दोन बारीक कळ्या सापडल्या. आईने खताला दोष दिला, मी बियाण्याला. कारण वेगळेच होते. त्या तीन कुंड्यांवर जिन्यातल्या दिव्याचा उजेड रात्रभर पडत असे.

हे कोडे उलगडायला शंभर वर्षे मागे जावे लागते. अमेरिकेच्या कृषी खात्यातले गार्नर आणि अ‍ॅलार्ड हे दोन शास्त्रज्ञ तंबाखूच्या ‘मेरीलँड मॅमथ’ या वाणाने बुचकळ्यात पडले होते. उन्हाळाभर हा तंबाखू वाढतच राही, फुलत नसे. तोच हिवाळ्यात काचघरात लहानपणीच फुले. त्यांनी उन्हाळ्यातच काही झाडे रोज दुपारनंतर अंधाऱ्या खोपट्यात हलवली, आणि ती फुलली. झाडाला ऋतू कळतो तो दिवसाच्या लांबीवरून, हा त्यांचा निष्कर्ष 1920 साली प्रसिद्ध झाला. पुढे 1938 मध्ये हॅम्नर आणि बॉनर यांनी झँथियम या तणावर प्रयोग करून दाखवले, की झाड खरे तर दिवस नव्हे, रात्र मोजते. लांब रात्रीच्या मध्यात थोडा वेळ उजेड पाडला, तरी झाडाच्या लेखी ती रात्र लांब राहत नाही. रस्त्यावरच्या दिव्याजवळचे सोयाबीन शेंगा धरायच्या दिवसांत हिरवेच उभे राहते, त्याचे कारण हेच.

झेंडू, झिनिया आणि कॉसमॉस ही आपल्या बागेतली उंच, बराच काळ फुलणारी हंगामी झाडे याच स्वभावाची. रात्र लहान असली म्हणून ती फुलणारच नाहीत असे नाही, पण रेंगाळतात. रात्र वाढली की घाई करतात. ही तिन्ही एकाच कुळातली आणि तिघांचेही माहेर मेक्सिको. मेक्सिको सिटी आणि मुंबई जवळजवळ एकाच अक्षवृत्तावर आहेत, म्हणजे दोन्हीकडे रात्री सारख्याच वाढतात आणि सारख्याच घटतात. पाऊसही दोन्हीकडे जून ते सप्टेंबरचा. म्हणून तिकडे 1 आणि 2 नोव्हेंबरला पितरांच्या सणासाठी झेंडूचे ढीग लागतात आणि इकडे दसरा-दिवाळीला. समुद्रमार्गाने आलेले हे झाड इथे इतके रुळले, ते इथली रात्र त्याच्या ओळखीची होती म्हणूनही.

आता बागेकडे वळू. आपल्याकडे जूनअखेर दिवस सुमारे सव्वातेरा तासांचा असतो, डिसेंबरात अकरा तासांचा. जूनमध्ये पेरलेला कॉसमॉस लांब दिवसांत नुसता वाढतो आणि फुलेपर्यंत डोक्याला लागतो. तोच नोव्हेंबरात पेरला तर गुडघ्याएवढा होताच फुलतो. उंची हवी असेल तर जून-जुलैत पेरावे, जागा कमी असेल तर उशिरा. झेंडू पेरणीनंतर साधारण दोन महिन्यांनी फुलू लागतो आणि शेंडा खुडल्यास आणखी पंधरवडा घेतो. दिवाळीसाठी जुलैअखेर ते ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात पेरणी बरी.

जागा निदान सहा तास उन्हाची हवी. बारा इंची कुंडीत एकच रोप लावावे. झेंडूच्या खोडाला मातीखाली नवी मुळे फुटतात, म्हणून रोप खालच्या पानांपर्यंत खोल लावले तर ते वाऱ्यात तग धरते. बांबूची कामटी लावतानाच रोवावी. नंतर रोवली तर मुळे तुटतात. युरिया सढळ हाताने दिला तर पाने माजतात आणि फुले मागे पडतात. कुंडीत पाणी तुंबू देऊ नये.

रोप महिना-सव्वा महिन्याचे झाले की शेंडा खुडावा. हे करताना हात अडखळतो, पण शेंड्यात तयार होणारे ऑक्सिन हे द्रव्य खालच्या डोळ्यांना दाबून ठेवत असते. शेंडा गेला की ते डोळे फुटतात, एका फांदीच्या सहा होतात, आणि प्रत्येकीच्या टोकाला फूल येते.

बहर लांबवण्याची किल्ली मात्र कात्रीत आहे. झेंडूचे एक फूल म्हणजे अनेक फुलांचा गुच्छ. आपण जिला पाकळी म्हणतो, तिच्या बुडाशी बी धरू शकते. वर्षायू झाडाला आयुष्यात एकच काम, बी धरणे. ते उरकले की झाड आटोपते घेते. सुकू लागलेले फूल खालच्या पानांच्या जोडीपर्यंत कापले की काम अपुरे राहते आणि नव्या कळ्या येतात. म्हणून पूजेसाठी रोज फुले काढणाऱ्या घरी झेंडू जास्त दिवस फुलतो.

शेवटी दोन-चार फुले झाडावरच वाळू द्यावीत, तीही सर्वांत चांगल्या झाडावरची. आतले काळे, बारीक, टोकाला फिकट तुरा असलेले बी कागदी पुडीत ठेवावे. संकरित वाणाचे बी आईसारखे निघत नाही. ‘पुसा नारंगी गेंदा’सारख्या साध्या जातीचे बऱ्यापैकी निघते, शेजारी दुसरी जात नसेल तर. नारिंगी कॉसमॉसचे बी मात्र टेकडीवर उधळू नये. पुण्याच्या आसपास तो बागांतून निसटून माळांवर पसरला आहे आणि रानफुलांची जागा घेतो आहे.

आमच्या जिन्यातला दिवा बंद करणे शक्य नव्हते. आईला रात्री पायऱ्या दिसायला हव्यात. म्हणून त्यावर पत्र्याची झापड बसवली. उजेड पायऱ्यांवर राहिला, कुंड्यांना अंधार मिळाला. गेल्या दसऱ्याला आठही कुंड्या फुलल्या आणि दाराचे तोरण घरच्या फुलांचे झाले. आकाशकंदिलाची मात्र चिंता नको. तो लागेपर्यंत कळ्या केव्हाच धरलेल्या असतात.