बॅरिस्टर नाथ पै आणि शुक्रवारचं विधेयक

मुंबईतल्या गोराई-चारकोपच्या वसाहतींत गणपतीआधी कोकणच्या गाड्यांची चौकशी सुरू झाली की राजापूर, कणकवली, वेंगुर्ला ही नावं हमखास कानावर येतात. या पट्ट्यातल्या गावांनी एकेकाळी ज्या बॅरिस्टरला तीनदा लोकसभेत पाठवलं, ते नाथ पै. त्यांच्या वक्तृत्वाच्या आठवणी पुष्कळ सांगितल्या जातात. त्यांच्या कायद्याच्या कामाबद्दल मात्र फारसं बोललं जात नाही.

वेंगुर्ला ते लिंकन्स इन

जन्म 25 सप्टेंबर 1922, वेंगुर्ल्याचा. 1942च्या आंदोलनात बेळगावात तुरुंगवास झाला. पुढे लंडनला लिंकन्स इनमधून ते बॅरिस्टर झाले. तिथेच युरोपातल्या समाजवादी तरुणांशी संबंध जुळले आणि व्हिएन्नाच्या क्रिस्टल यांच्याशी विवाहही झाला. सनद हाती असूनही कोर्टात नाव कमावण्याची वाट त्यांनी धरली नाही. 1957 साली संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेत ते प्रजा समाजवादी पक्षातर्फे राजापूरमधून निवडून आले. 1962 आणि 1967 सालीही आले.

गोलकनाथ खटला

नाथ पैंच्या विधेयकाचं मूळ एका जमिनीच्या खटल्यात आहे. जालंधरच्या गोलकनाथ कुटुंबाकडे पाचशे एकरांहून जास्त जमीन होती आणि पंजाबच्या जमीन कायद्याने त्यावर मर्यादा आणली होती. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. 27 फेब्रुवारी 1967 रोजी अकरा न्यायाधीशांच्या पीठाने सहा विरुद्ध पाच मतांनी निकाल दिला: मूलभूत हक्कांचा संकोच करणारी घटनादुरुस्ती संसदेला यापुढे करता येणार नाही. आधीच्या दुरुस्त्या न्यायालयाने मोडल्या नाहीत, एवढाच दिलासा. त्या काळी मालमत्ता हाही मूलभूत हक्क होता. त्यामुळे कूळकायद्याने जमिनीचे मालक झालेल्या कोकणातल्या माणसासाठी हा वाद लांबचा नव्हता.

विधेयक

जो खासदार मंत्री नाही, त्याने मांडलेलं ते खासगी विधेयक. लोकसभेत त्याला शुक्रवारची दुपार मिळते, आणि तोवर बरीचशी बाकं रिकामी झालेली असतात. स्वातंत्र्यानंतर अशी जेमतेम चौदा विधेयकं मंजूर झाली आहेत. नाथ पैंनी एप्रिल 1967 मध्ये, म्हणजे निकालानंतर दीड महिन्याच्या आत, या वाटेने थेट घटनादुरुस्तीचं विधेयक आणलं. मूलभूत हक्कांसह घटनेचा कोणताही भाग बदलण्याचा अधिकार संसदेला असावा, हा त्याचा गाभा. विरोधी बाकावरचा माणूस संसदेचे, पर्यायाने सत्ताधारी बहुमताचे, हात बळकट करू पाहत होता! लोकांनी निवडलेल्या सभागृहाला शेवटचा शब्द हवा, ही त्यांची भूमिका. विधेयक संयुक्त समितीकडे गेलं, तिथून परत आलं, चर्चा रेंगाळली. डिसेंबर 1970 मध्ये लोकसभाच विसर्जित झाली आणि त्याबरोबर विधेयकही संपलं.

बेळगावची सभा

17 जानेवारी 1971 रोजी, सीमालढ्यातल्या हुतात्म्यांच्या स्मृतिदिनी, ते बेळगावात बोलले. त्यानंतर काही तासांतच, 18 तारखेला, हृदयविकाराने त्यांचं निधन झालं. वय अवघं 48. राजापूरची जागा पुढे मधु दंडवते यांनी 1971 पासून सलग पाचदा जिंकली.

नंतर काय झालं

त्याच वर्षी इंदिरा गांधींच्या सरकारने 24वी घटनादुरुस्ती केली आणि नाथ पैंना हवं होतं ते बहुतांशी घटनेत आलं. 1973 च्या केशवानंद भारती निकालाने ती दुरुस्ती वैध ठरवली, पण मेख मारून ठेवली: घटनेची मूलभूत चौकट मात्र संसदेला मोडता येणार नाही. दोनच वर्षांत आणीबाणी आली आणि अमर्याद बहुमत काय करू शकतं ते सर्वांनी पाहिलं. माझ्या मते ही मेख नसती, तर नाथ पैंच्या विधेयकाचा सर्वांत वाईट उपयोग त्यांच्याच समाजवादी साथींविरुद्ध झाला असता. संसदेवरचा त्यांचा विश्वास प्रामाणिक होता, पण सत्तेच्या मोहाचा हिशेब त्यात कमी धरला गेला होता. तरीही घटनादुरुस्तीचा अधिकार देणारं घटनेचं कलम 368 एकदा जरूर वाचा. त्यातला पहिला आणि तिसरा खंड 1971 च्या त्याच दुरुस्तीतून आला आहे.