चोरपावलांचा खेळ

"दादा, तू तरी त्याला चार शब्द सांग!" म्हणून बहिणीने मला मुद्दाम घोटीला बोलावून घेतले. आषाढातला पाऊस, कळसूबाईची रांग ढगांत बुडालेली, आणि कॉलेजात जाणारे आमचे भाचे संगणकापुढे ठाण मांडून बसलेले! कानउघाडणी करावी म्हणून शेजारी खुर्ची ओढली, तो चहा निवेपर्यंत उठलोच नाही.

खेळाचे नाव 'मार्क ऑफ द निंजा'. कॅनडातल्या क्ले एंटरटेनमेंटने तो २०१२ साली काढला. निंजा म्हणजे जुन्या जपानातले हेर. आपल्या बहिर्जी नाईकांचे भाऊबंदच म्हणा ना! नुसती हाणामारी असेल अशी माझी खात्री होती. पण हा गडी सदा लपलेला. अंधारात निव्वळ काळी सावली. उजेडात आला की रंगीत दिसतो, आणि मग कंबख्तीच!

खरी गंमत पुढेच. इथे आवाज डोळ्यांना दिसतो. धावलात की पायांभोवती वर्तुळ पसरते, आणि त्या टप्प्यातल्या पहारेकऱ्याला चाहूल लागते. दबकत चाललात तर वर्तुळच नाही. नजरेआडचा पहारेकरी धूसर. त्याचा अंदाज बांधायचा, तोही क्षणात.

मी अर्थातच धावलो. तीनदा मेलो.

"मामा, आधी कानोसा घ्या, मग हला," भाचा म्हणाला. कुणाचे ऐकत नाही अशी ज्याची तक्रार, तो हा!

रक्तपात आहे, लहानग्यांच्या हाती हा खेळ मुळीच देऊ नये. पण पहारेकऱ्याच्या नजरेस न पडता निसटण्याचेही गुण मिळतात. ते कसे मिळवायचे हे पाहण्यात आम्ही दोघे इतके गढलो, की बहीण मागे येऊन केव्हाची उभी होती, कळलेच नाही.